दामूकाकांचं पांढरं

दामूकाका गेले तेव्हा त्यांच्या घरातला फोडणीचा आवाज पहिल्यांदा बंद झाला. आमच्याकडे सुतकात फोडणी देत नाहीत. डाळ नुसती शिजवायची, भाजी नुसती उकडायची, वरून मीठ. तेरवीपर्यंत असंच चालतं आणि कोणाला त्याचं विशेष वाटत नाही. पण हे घर सावजी जेवणाचं होतं. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत, पुढच्या खोलीत खानावळ आणि मागे घर. सकाळी उजाडायच्या सुमारास तिथे गरम तेलात मिरची पडायची, आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मी त्या ठसक्यानेच जागी व्हायचे. त्या दिवसांत मात्र मी जागी होऊन नुसती पडून राहायचे. खालून काहीच यायचं नाही.

तेव्हा लक्षात आलं की याच घरात एक माणूस जाण्याआधी दोन वर्षं असाच, फोडणीशिवाय जेवत होता. त्याचं कोणी सुतक पाळलं नव्हतं.

मला हे नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. मी त्यांची नात्याने कोणी नव्हते. माझं गाव कळमेश्वरच्या पुढे आहे. बाबा तिथल्या एमआयडीसीत कामाला आहेत, आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. खोली बघायला बाबा माझ्याबरोबर आले होते. काय विचारायचं असतं, कसं बोलायचं असतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आम्ही दारातच उभे. दामूकाका भट्टीसमोरून उठून आले, एक गाल तंबाखू-सुपारीच्या खर्‍याने फुगलेला, आणि बाबांना एवढंच विचारलं,

"पोट्टी तिखट खाते का?"

"खाते," बाबा म्हणाले.

"मंग ठेवा."

ही त्यांची मला झालेली ओळख.

त्या घराण्याचा धंदा मुळात विणकामाचा. पुढच्या खोलीत त्यांच्या वडिलांचा हातमाग होता. जमिनीत खड्डा करून, त्यात पाय सोडून ते विणायला बसत. माग बंद पडला तेव्हा दामूकाकांनी तो खड्डा बुजवला आणि बरोबर त्याच जागी भट्टी मांडली. लहानपणी ते स्वतःही मागावर बसलेले. बोटं लांब होती, आणि बोलताना ती सारखी हलायची, जणू तुटलेला धागा शोधतायत.

खानावळीत रांधायच्या मंदाकाकू, म्हणजे त्यांची बायको. पण रस्सा झाला की नाही, हे ठरवायचे ते. डावातला एक थेंब तळहातावर घ्यायचा, जिभेने टिपायचा, डोळे मिटायचे. सगळं स्वयंपाकघर थांबायचं. मग ते म्हणायचे, "आलं." किंवा, "नाही आलं अजून." ते 'आलं' म्हणेपर्यंत गिर्‍हाईक कितीही ओरडो, गंजातून एक वाटीही उचलली जायची नाही. मी एकदा विचारलं होतं, काय येतं म्हणजे? तर म्हणाले, "मिरची कोणीही टाकते वं. जिभेले झोंबलं पाहिजे अन् पोटाले कळलंही नाही पाहिजे. ते येते."

खर्रा सोडला तर दुसरं व्यसन नव्हतं. पण खर्रा दिवसभर. पानठेल्यावरून प्लास्टिकच्या पन्नीत घोटून आणायचा, तो पुरेसा घोटला नाही म्हणून पुन्हा मांडीवर ठेवून चोळायचा. माझ्या पहिल्या वर्षाच्या शेवटी शेवटी एका संध्याकाळी त्यांची मुलगी पल्लवी आणि मी गल्लीच्या तोंडाशी गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला गेलो होतो. तेही आले. पहिलंच गुपचुप त्यांच्या तोंडात जाईना. त्यांनी ते तिरपं करून पाहिलं, मग हाताने फोडून खाल्लं. "लय मोठे करून राहिला बे," असं गाडीवाल्याला म्हणाले. आम्ही हसलो.

नंतर गालात आतून जखम निघाली. मग मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या चकरा, ऑपरेशन, किरणांचा शेक. ते सगळं मी सांगत नाही. मला त्यातलं अर्धंच कळत होतं, आणि ते सांगायला मंदाकाकू आहेत.

घरी परत आलेल्या दामूकाकांचा एक गाल आत गेला होता. तिथे छातीची कातडी लावलेली. तोंड दोन बोटांएवढंच उघडायचं. डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला सांगितलं होतं, म्हणजे तोंड हळूहळू उघडतं. ते काड्या दातांत धरून मागच्या ओट्यावर बसायचे. तोंडात लाळ राहिली नव्हती, आणि तिखट तर दूरच, जिर्‍याचा दाणाही आत निखार्‍यासारखा लागायचा. पुढे भट्टीवर मिरची पडली की ते उठून सगळ्यात मागच्या भिंतीपाशी जायचे.

आणि तिथेच जेवायचे, तांदळाच्या कोठीशेजारी, भिंतीकडे तोंड करून. आत गेलेल्या गालाच्या कोपर्‍यातून घास बाहेर यायचा. आला की त्यांना कळायचं नाही, कारण तिथे त्यांना काही जाणवतच नव्हतं. म्हणून खांद्यावरच्या दुपट्ट्याने ते सारखे तोंड पुसायचे. घास आला असो वा नसो. पूर्वी खानावळीतल्या प्रत्येक टेबलापाशी उभं राहून 'काहून राहिलं ताटात?' असं दरडावणारा हा माणूस.

एकदा मी पाणी भरायला खाली गेले, तर ते जेवत होते. माझी चाहूल लागल्याबरोबर त्यांनी वाटीवर दुपट्टा टाकला.

"जेवली का वं?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"हाव काका."

मी जाईपर्यंत त्यांनी दुपट्टा काढला नाही.

पल्लवी सीताबर्डीत कपड्यांच्या एका दुकानात कामाला होती. एक दिवस ती तळलेल्या चिकनचा डबा घेऊन आली, तिच्यासाठी आणि माझ्यासाठी. त्या डब्यात झाकण लावलेली एक एवढीशी वाटी होती. तिच्यात पांढर्‍या सायीसारख्या कशात तरी कालवलेली बारीक पानकोबी. पल्लवीने चाखून तोंड वाकडं केलं. "गोड कोबी कोण खाईन वं?" ती वाटी तशीच ओट्यावर राहिली.

सकाळी पाहिलं तर वाटी रिकामी होती. धुऊन, पालथी घालून ठेवलेली.

"ते काय होतं?" दामूकाकांनी विचारलं.

"कोलस्लॉ म्हणतात बाबा त्याले."

"नाव राहू दे. अजून भेटते का?"

किती महिन्यांनी त्यांनी खायचं काहीतरी स्वतःहून मागितलं होतं. पल्लवीने दुसर्‍या दिवशी दोन वाट्या आणल्या. त्यांनी एक खाल्ली आणि दुसरी उजेडात नेऊन बघत बसले. चमच्याने एकेक तुकडा वर करून. मग म्हणाले, "हे घरी करता येते."

त्यानंतरचे काही आठवडे त्या घरात पानकोबीचे होते. आधी पल्लवीने बाटलीतलं मेयोनेज आणलं. त्यात मोहरी आणि व्हिनेगर. पहिल्याच घासाला ते तोंड धरून उठले. मग दह्यात करून पाहिलं, ते आंबट झोंबलं. नुसत्या सायीत केलं, तर तेलकट. मी मोबाइलवर पाककृती शोधून वाचून दाखवायचे. सगळ्यांत काही ना काही झोंबणारं असायचंच, मिरीपूड नाहीतर कच्चा कांदा. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हे लिहिणार्‍याचं तोंड धड हाय."

शेवटी त्यांचं त्यांनीच बसवलं. दही आंबायच्या आत फडक्यात बांधून टांगायचं, श्रीखंडाला टांगतात तसं. तो चक्का गार साय घालून रवीने घुसळायचा. त्यात पिठीसाखर, चिमूटभर मीठ. बस. पानकोबीची बाहेरची पानं काढून टाकायची, आतली कोवळी घ्यायची. शीर काढून पान घट्ट गुंडाळायचं. मागाच्या कांडीवर सूत गुंडाळतात तसं, असं ते म्हणायचे. आणि विळीवर चिरायचं. चिरलेलं एकेक बोटांत धरून ते खिडकीच्या उजेडात बघायचे.

"हा धागा," ते म्हणायचे, आणि भांड्यात टाकायचे. "हा दोर." दोर पुढे खानावळीच्या भाजीत.

मग त्या धाग्यांवर मीठ पसरून ठेवायचं. पाणी सुटलं की गोड्या पाण्यात धुऊन फडक्यात पिळायचे, म्हणजे कोबीचा करकरीतपणा जातो आणि चावावं लागत नाही. गाजराचा अगदी बारीक कीस. सगळं कालवून फ्रिजमध्ये. लगेच खायचं नाही. ते 'बसलं' पाहिजे. घट्ट, थंड, पांढरं. कोलस्लॉ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. ते म्हणायचे पांढरं. मग सगळ्या घराचाच तो शब्द झाला. "काका काय करून राहिले?" "पांढरं."

सगळं जमलेल्या पहिल्या दिवशी मात्र त्यांनी घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. डोळ्यांत पाणी.

"मंदे, तिखट टाकलं का?"

"देवाशपथ नाही."

त्यांनी रवीचा वास घेतला. त्या रवीने कधीतरी डाळ घुसळली होती. "या घरच्या लाकडातही मुरलं बाप्पा," ते म्हणाले. कोणाला हसू आलं नाही.

मग पांढर्‍यासाठी भांडी वेगळी झाली. एक डबा, एक रवी, एक लहान चमचा. माळ्यावर वडिलांच्या मागाचं निळं सूत उरलेलं होतं. त्याचा धागा त्यांनी प्रत्येक भांड्याला गाठ मारून बांधला. धाग्याच्या भांड्याला दुसर्‍या कशाचा हात लागायचा नाही. मंदाकाकू तेवढं पाळायच्या, पण डबा पुढे ठेवताना त्यांचा हात अडायचा. "थोडी सांबार तरी टाकू का वरतून?" त्या विचारायच्या. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ते मान हलवायचे. एकदा त्या मला म्हणाल्या, "ज्याच्या जिभेवर माझी खानावळ चालली, त्याले मी असं कोरं कसं वाढू वं? हात उचलत नाही."

रस्सा चाखायचं काम आता त्यांनाच करावं लागायचं. तळहातावर थेंब घ्यायच्या, आणि चाखल्यावर मागच्या भिंतीकडे बघायच्या.

पल्लवीचं लग्न भंडार्‍याला ठरलं. मुलाकडचे लोक साधे, हसतमुख. सगळं जुळून आलं, आणि मग पंगतीचा विषय निघाला. त्यांच्या समाजात लग्नाच्या दिवशी एक व्याह्यांची पंगत असते. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप शेजारी बसतात, समोर दोन्हीकडचे वडीलधारे. पहिला घास मुलीच्या बापाने घ्यायचा. तो घेईपर्यंत कोणी ताटाला हात लावत नाही. सगळे त्याच्याकडे बघत असतात.

"माझा चुलतभाऊ बसन," दामूकाका म्हणाले.

पल्लवी चपात्या लाटत होती. लाटणं थांबलं. "चुलतकाकाची पोरगी हाय का मी?"

"तसं नाही वं."

"मंग कसं? ते बसतीन तिथं, अन् माहा बाप भिंतीकडे तोंड करून बसन?"

भिंतीचा उल्लेख त्या घरात तोपर्यंत कोणी केला नव्हता. मंदाकाकूंनी गॅस मोठा केला, उगाच. दामूकाका दुपट्ट्याने तोंड पुसत बाहेर गेले. काही खाल्लंही नव्हतं.

दुसर्‍या दिवशी ते पानकोबी चिरायला बसले असताना, मान वर न करता म्हणाले, "त्या पंगतीत पांढरं वाढा. सगळ्यायले. माझं वेगळं ताट नको, वेगळी वाटी नको. जे सगळ्यायच्या ताटात, ते माझ्या."

पल्लवीने दुसरी विळी आणली आणि समोर बसली.

मग त्यांनी सराव सुरू केला. हे मला सांगायला थोडं अवघड वाटतं, कारण सरावासाठी त्यांनी मला बोलावलं होतं. "घरच्यायसमोर होते कसंतरी," ते म्हणाले. "तू बाहेरची हायस. तुझ्यासमोर जमलं तं व्याह्यासमोर जमन." मी माझं ताट घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचे. ते त्यांचा डबा घेऊन कोठीपाशी.

पहिल्या दिवशी त्यांची पाठच होती.

"कसा दिसून राहिलो?"

"काका, पाठ दिसून राहिली."

पाठ थोडी हलली. हसले असावेत.

पुढे ते आडवे बसले, धड गाल माझ्या बाजूला करून. मग एक दिवस खुर्ची पूर्ण फिरवली. मी माझ्या ताटात बघत जेवत होते.

"पाह्य इकडे," ते म्हणाले. "व्याही काय ताटात डोकं घालून बसन का?"

मी पाहिलं. त्यांनी लहान चमच्याने घास आत ढकलला. दोन बोटांच्या त्या फटीतून तो जाताना सगळा चेहरा कामाला लागायचा. कोपर्‍यातून पांढरा ओघळ आला.

"पडून राहिलं का?"

"हाव."

त्यांनी पुसलं. "आता?"

"आता नाही."

"खोटं नको सांगू. पडलं तं पडलं म्हणजो."

मी सांगत राहिले. हळूहळू ते चमचा आधी धड गालाकडे नेऊ लागले, मान किंचित झुकवून. ओघळ कमी झाला. दुपट्टा मात्र प्रत्येक घासाला तोंडापाशी जायचाच.

लग्नाच्या थोडं आधी त्यांची मोठी बहीण उमरेडहून आली. सगळे त्यांना आत्या म्हणायचे. फक्त दामूकाका आक्का. आई लवकर गेल्यामुळे आत्यांनीच त्यांना वाढवलेलं. त्यांनी आल्या आल्या फ्रिज उघडला, धाग्याच्या डब्यात डोकावल्या आणि कपाळावर हात मारला.

"काय वं मंदे, कोणाचं सुतक हाय घरात? बिनाफोडणीचं ठेवलं."

"पथ्याचं हाय आत्या, यांचं."

"अजून पथ्य? सुधरला ना आता. दोन मिरच्यायनं काय होते?" आणि दामूकाकांच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "खाणं नाही म्हणून असा वाळला माहा दामू." ते लहान मुलासारखे गाल पुढे करून बसले होते. मला वाटतं, त्या गालाला तसा हात कोणी लावला नव्हता, ऑपरेशननंतर.

लग्नाच्या आदल्या दुपारी गल्लीतल्या बाया पानकोबी चिरायला जमल्या. दामूकाका मधोमध. एकेक मूठ उजेडात धरून बघतायत.

"हा दोर झाला."

"काका," एक बाई म्हणाली, "पोरीचं लग्न हाय का कापडाची गिरणी?"

"गिरणीतलं असं नसते वं. हे हातमागाचं."

सगळ्या हसल्या. ते पण. आणि हसताना दुपट्टा तोंडावर धरला.

रात्रभर बसलेलं पांढरं सकाळी मोठ्या टोपात, बर्फाच्या टबात ठेवून, समाजाच्या सभागृहात नेलं. पंगत वाढेपर्यंत झाकण काढायचं नाही, असं दामूकाका आचार्‍याला बजावून आले आणि वरातीच्या स्वागताला उभे राहिले. नवं पांढरं धोतर, फेटा. खांद्यावर दुपट्टा.

पुढे झालं ते मला आचार्‍याकडून नंतर कळलं. आत्या स्वयंपाक बघायला आत आल्या. त्यांनी झाकण काढलं. भाचीच्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीत, पांढरंफटक, बिनाफोडणीचं. त्यांच्या दृष्टीने ते मयताच्या घरचं जेवण होतं. आचारी म्हणाला, दामूभाऊंनी हात लावू नको म्हटलंय. आत्या म्हणाल्या, त्याले काय कळते, मी त्याची माय आहे. आणि कढल्यात तेल तापवून, मोहरी तडतडवून, लाल मिरच्या मोडून घालून, त्यांनी स्वतःच्या हाताने त्या अख्ख्या टोपाला फोडणी दिली. पोरीचं शुभ व्हावं म्हणून.

पंगत बसली. दामूकाकांच्या शेजारी व्याही, समोर दोन्हीकडची मंडळी. मी पाण्याचा जग घेऊन मागे उभी होते. वाढायला आत्या स्वतः आल्या. "पोरीच्या बापाच्या पंगतीत मीच वाढीन." त्यांनी पहिला डाव दामूकाकांच्या ताटात वाढला आणि वाकून हळूच म्हणाल्या, "कोरं वाढून राहिले होते रे दामू. मी होते म्हणून."

ताटात पांढर्‍यावर काळी मोहरी होती. मिरचीचे लाल तुकडे, आणि बाजूने सुटलेलं पिवळं तेल.

दामूकाका ते बघत राहिले. मी एक पाऊल पुढे झाले, पण करणार काय? धाग्याचा डबा घरी होता, आणि रिकामा होता. माझं वेगळं नको, असं त्यांनीच सांगितलं होतं. ताटात दुसरं होतं ते मटण, रस्सा, पाटोडी. त्यातलं काहीच त्यांना चालणार नव्हतं. समोरची सगळी माणसं हात मागे घेऊन त्यांच्याकडे बघत होती.

"घ्या व्याही," मुलाचे वडील हसत म्हणाले. "भूक लागली आम्हाले."

दामूकाकांनी मान वर करून आत्यांकडे पाहिलं. त्या वाढायचं भांडं कमरेवर घेऊन उभ्या होत्या, समाधानाने. मग काकांनी खिशातून तो लहान चमचा काढला, निळ्या धाग्याचा. भरला. मान झुकवून, धड गालाकडून, घास आत घातला.

काही क्षण काहीच झालं नाही. मग त्यांची मान ताठ झाली. डाव्या हाताने मांडीवरचं धोतर मुठीत धरलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, दोन्ही गालांवरून. धड गालावरून सरळ, आणि दुसर्‍यावरून त्या खड्ड्याला वळसा घालून. त्यांनी घास गिळला.

पंगत गलबलली. व्याह्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नका गा व्याही. तुमची पोरगी आमची पोरगी." समोरच्या एका म्हातार्‍यानेही डोळे पुसले. सगळ्यांनी जेवायला सुरुवात केली.

पल्लवी दूर, नवर्‍याशेजारी बसली होती. तिला तिच्या बापाचं रडणं ठाऊक होतं. ते असं नसायचं. ती अर्धी उठली. दामूकाकांनी तिच्याकडे न बघता तळहात खाली दाबून खूण केली. बस. ती बसली. मंदाकाकू तेव्हा सभागृहाच्या दुसर्‍या टोकाला होत्या.

दामूकाकांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. वाढलेलं सगळं संपवलं. माझं लक्ष त्यांच्या दुपट्ट्याकडे होतं. हात एकदाही तिकडे गेला नाही. एक हात चमच्याला आणि एक धोतर धरायला, तिसरा नव्हताच. कोपर्‍यातून ओघळ येत होता, डोळ्यांच्या पाण्यात मिसळत होता, आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. पोरीच्या बापाचं तोंड त्या दिवशी ओलं असतंच.

आत्या ताट उचलायला आल्या. "कसं झालं रे?"

"आक्का," ते कसंबसं म्हणाले, "आलं."

त्यानंतर ते बोलले नाहीत. पाठवणीच्या वेळी पल्लवी गळ्यात पडली तेव्हाही नाही. लोक म्हणाले, बाप गहिवरला. पुढचे काही दिवस ते बर्फ टाकलेल्या दुधावर होते. तोंड आतून सोललं होतं. मंदाकाकू संतापल्या होत्या, उमरेडला फोन लावून विचारतेच म्हणाल्या. दामूकाकांनी फोन काढून घेतला आणि मान हलवली. आत्यांना हे कोणी कधी सांगितलं नाही.

त्यांना बोलता यायला लागल्यावर मी एकदा विचारलं, "काका, बाजूला काहून नाही सारलं?"

ते ओट्यावर बसले होते. बोटं हलत होती. "पंगतीत बसलो होतो वं," ते म्हणाले. "पंगतीत वाढलं ते खायचं असते." आणि मग, "मले कोणी पंगतीत वाढीन, हेच वाटलं नव्हतं."

आजार पुढे उलटला. पण त्याच्याआधी, मी परीक्षेच्या सुटीत गावी निघाले त्या दुपारचं जे शेवटचं दिसलं, तेच माझ्यासाठी राहिलं आहे. मी बॅग घेऊन जिना उतरले, मागच्या भिंतीपाशी पाहिलं, तर कोठीशेजारची खुर्ची जागेवर नव्हती. ती पुढे होती, खानावळीच्या बाहेर, ओट्यावर, गल्लीकडे तोंड करून. दामूकाका तिच्यात बसून धाग्याच्या डब्यातून पांढरं खात होते. शेजारी पायरीवर आत्या. उमरेडहून आल्या होत्या. त्यांच्याही हातात वाटी होती, वर ठेच्याचा गोळा.

जाणारा-येणारा विचारत होता, "काय चालू हाय दामूभाऊ?"

"पांढरं. ये, बस."

आत्यांनी त्यांच्या डब्यात डोकावून पाहिलं. "अजून कोरंच? आण, फोडणी देतो."

"नको आक्का. तू घे तुझ्या वाटीत. माझं असंच राहू दे."

"लग्नात तं मिटक्या मारून खाल्लं होतं," आत्या फुरंगटून म्हणाल्या.

दामूकाकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. त्यांचं तोंड उघडायचं तेवढंच उघडलं. कोपर्‍याला पांढरं लागलं होतं. सवयीने मी बोट उचललं, सांगायला, की काका, पडून राहिलं.

"माहीत हाय," ते म्हणाले. "जाय तू, बस निघून जाईन."

मी कोपर्‍यावर वळताना मागे पाहिलं. पानठेल्यावरचा एक माणूस ओट्याशी उभा राहून त्यांच्याशी बोलत होता. त्याच्याकडे सरळ बघत दामूकाकांनी पुढचा घास घेतला. दुपट्टा खांद्यावर होता तिथेच होता.